नाकीडोळी नीटस

फेब्रुवारीत भाचीच्या कॉलेजचं गॅदरिंग होतं. तिचा ग्रुप डान्स म्हणून बहीण आणि मी दोघी जाऊन तिसऱ्या रांगेत बसलो होतो. मांडवातल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मधूनच किंचाळणारा माइक, गजऱ्यांचा आणि मागच्या स्टॉलवरच्या वडापावच्या तेलाचा एकमेकांत मिसळलेला वास, सगळं नेहमीसारखं. नाच झाला, मुली अजून नऊवारीतच स्टेजच्या कडेला घाम पुसत उभ्या होत्या, तेवढ्यात फिशपाँड सुरू झाले. जॅकेट घातलेली दोन मुलं खोक्यातून एकेक चिठ्ठी काढून वाचत होती. कुणाच्या जाडेपणावर, कुणाच्या बोबड्या बोलण्यावर, कोण कुणाच्या मागे फिरतो त्यावर. मग हिचं नाव आलं. चिठ्ठी अशी होती: 'हिचं नाक पहिल्या तासाला येतं, ही दुसऱ्या तासाला.' मांडव दणाणला. शिट्ट्या, आरोळ्या. भाची कडेवरून तशीच मधे आली, नाकातली मोत्यांची नथ दोन बोटांत धरून तिने झोकात मुजरा केला, माइक ओढून घेतला आणि म्हणाली, "अजून सगळं कुठे आलंय, थोडं गेटवर अडकलंय." यावर टाळ्या थांबेचनात. बहिणीने माझ्या मांडीवर थाप मारली. "बघ, कशी खिलाडूपणे घेते पोरगी!" हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

घरी जाताना रिक्षात भाची कडेला बसली होती. मेकअप तसाच, पण नथ तिने काढून मुठीत धरली होती. ती चापाची नथ, टोचलेलं नाक नसलं तरी बसते, पण तासभर घातली की चाप रुततो. रस्त्यावरच्या दिव्यांखालून रिक्षा जाई तेव्हा तिच्या नाकपुडीवर उमटलेला तांबडा वळ मला दिसायचा, पुन्हा अंधार, पुन्हा दिसायचा. बहीण फोनवर कुणाला तरी तोच किस्सा रंगवून सांगत होती. भाची बाहेर बघत होती. अर्ध्या रस्त्यात माझ्याकडे न वळताच तिने विचारलं, "मावशी, आजोबांचं नाक असंच होतं ना गं?"

मी हो म्हटलं, आणि तिथेच थांबले.

त्यापुढे काय बोलायला हवं होतं ते मला त्या रात्री सुचलं नाही, आणि म्हणूनच ती संध्याकाळ माझ्या डोक्यातून जाईना. आमच्या घराण्याचं नाक वडिलांकडून आलेलं. पुढे आलेलं, मधे थोडं उंच, टोकाला जरा खाली झुकलेलं. वडिलांना ते शोभायचं. पुरुषाला असं नाक असलं की लोक त्याला धारदार म्हणतात, करारी म्हणतात. तेच आम्हा बहिणींच्या चेहऱ्यावर उतरलं तेव्हा त्याला नुसतं 'मोठं' एवढंच विशेषण उरलं. माझं लग्न ठरवायच्या दिवसांत आई पत्रात लिहायची, 'मुलगी गोरी, उंच, गृहकृत्यदक्ष.' पुढे 'नाकीडोळी नीटस' लिहायची पद्धत होती. ते दोन शब्द आईने कधीच लिहिले नाहीत. खोटं लिहिणं तिला जमत नसे. स्टुडिओत फोटो काढायला नेलं तेव्हा फोटोग्राफरने माझी हनुवटी दोन बोटांनी धरून चेहरा सरळ केला आणि म्हणाला, "एका बाजूने नको, समोरूनच घेऊ." त्याच्या बोटांना हायपोचा आंबूस वास येत होता. चाळीस वर्षं होतील, मी अजून कुठल्याही फोटोत समोरूनच बघते.

तर त्या गॅदरिंगनंतर मला सारखा एक माणूस आठवत राहिला, आणि तो आठवण्याचं कारण माझा नातू आहे.

मुलगा न्यू जर्सीत एडिसनला असतो. दोन हिवाळे मी तिकडे काढले. तिकडे डिसेंबरात घरोघरी मुलं टीव्हीवर एक जुनं अर्ध्या तासाचं कार्टून बघतात, जादूची टोपी घातली की जिवंत होणाऱ्या बर्फाच्या माणसाचं. १९६९ सालचं आहे, पण दर नाताळात लागतंच. त्यात गोष्ट सांगणारा एक म्हातारा आहे, डोक्यावर चुरगळलेली हॅट आणि चेहऱ्याच्या निम्मं नाक. नातू माझ्या मांडीवर बसून ओरडला, "आजी, बघ त्याचं नाक!" आणि लगेच मान वळवून त्याने माझ्या नाकाकडे पाहिलं. सूनबाई स्वयंपाकघरातून जरा मोठ्यानेच त्याला हाक मारायला लागली. मला मात्र त्या म्हाताऱ्याच्या आवाजाने धरून ठेवलं होतं. खडबडीत, फुटका, जात्यात वाळू घालून दळावी तसा आवाज, आणि तरी त्यात इतकी माया की पोराला पांघरूण घालता घालता कुणीतरी बोलत असावं. मुलगा म्हणाला, तो खरा माणूस होता, जिमी डुरँटी, तिकडचा जुना विनोदी नट, ते चित्रही त्याच्यावरूनच काढलंय. दुपारी मुलगा-सून कामावर, नातू शाळेत. बाहेर बर्फ पडून रस्ता मुका झालेला. मी चहाचा कप घेऊन बसायची आणि त्याचे जुने कार्यक्रम एकेक करून बघायची. त्या सहा महिन्यांत मला त्या देशात कुणी ओळखीचं झालं असेल तर हा, १९८० साली वारलेला माणूस.

जन्म १० फेब्रुवारी १८९३, न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडला, कॅथरीन स्ट्रीटवर. आईवडील इटलीतल्या सालेर्नोकडचे. वडील बार्तोलोमिओ न्हावी, त्यांचं तिथेच दुकान. चार भावंडांत हा शेंडेफळ, आणि दुकानात त्याचं काम गिऱ्हाइकांच्या गालांना ब्रशने साबणाचा फेस लावायचं. हे वाचलं तेव्हा मी जरा वेळ पुढे गेलेच नाही. दहा-बारा वर्षांचा पोरगा, हातात मग आणि ब्रश, समोर आरशात ओळीने बसलेली गिऱ्हाइकं. फेस लावून झाला की गाल जातात, ओठ जातात, हनुवटी जाते. वर उरतं ते फक्त नाक. आयरिश असो, ज्यू असो, इटालियन असो, त्या आरशात तेवढ्या दहा मिनिटांपुरते सगळेच नाकवाले. आणि दुकानाची पायरी उतरून हा रस्त्यावर आला की गल्लीतली पोरं याच्यामागे लागायची, मोठ्या नाकाचा, मोठ्या नाकाचा म्हणून. पुढे पन्नाशी उलटल्यावर त्याने आपल्या चरित्रकाराला सांगितलंय की कुणी काही बोललं नाही तरी, नुसतं बघून पुढे गेलं तरी, मला ते मनात तेच म्हणतायत असं वाटायचं, आणि मी आत आत आक्रसत जायचो.

पियानो शिकला तो घरच्यांनी क्लास लावला म्हणून. वडिलांना वाटलं पोरगा शास्त्रीय वाजवेल. याला वेड लागलं रॅगटाइमचं, त्या वेळच्या काळ्या वादकांनी घडवलेल्या, ठेक्याला मागे-पुढे खेचत नेणाऱ्या वाजवण्याचं. सातवी-आठवीतच शाळा सुटली. पुढे कोनी आयलंडच्या दारूच्या अड्ड्यांमध्ये हा संध्याकाळी बसायचा तो पहाटेपर्यंत वाजवत राहायचा, लोक त्याला 'रॅगटाइम जिमी' म्हणत. पियानोवाल्याचं एक बरं असतं. खाली मान घालून पट्ट्यांकडे बघता येतं, आणि लोकांचं लक्ष गाणाऱ्याकडे असतं. तिथेच एडी कँटर नावाचा एक पोरगा गाणी म्हणत म्हणत गिऱ्हाइकांना वाढायचा, तोही पुढे फार मोठा विनोदी नट झाला. तो जिमीला म्हणायचा, नुसता वाजवत काय बसतोस, उठून उभा राहा, लोकांशी चार शब्द बोल. जिमीचं उत्तर ठरलेलं, मी उभा राहिलो तर लोक मला हसतील.

ज्याने पुढची पन्नास वर्षं लोकांना हसवून पोट भरलं, त्या माणसाचं हे उत्तर. मी ते वाचलं आणि मला भाचीची मुठीतली नथ आठवली.

उठून उभा राहिला तो शेवटी स्वतःच्या जागेत. अमेरिकेत तेव्हा दारूबंदी होती, आणि दारूबंदी असली की काय होतं ते आपल्याला वेगळं सांगायला नको. १९२३ मध्ये त्याने ब्रॉडवेजवळ अठ्ठावन्नाव्या रस्त्यावर एक क्लब काढला. दारावरच्या पाटीवर त्याच्या नावातलं शेवटचं अक्षरच गळालेलं, आणि ते नंतरही कुणी घातलं नाही. या क्लबात त्याच्या जोडीला दोन माणसं होती. लू क्लेटन, मऊ तळव्यांच्या बुटांत अलगद नाचणारा आणि स्वभावाने कडक. आणि एडी जॅक्सन, छाती काढून, उंच टोपी तिरकी करून ऐटीत चालत गाणारा. तिघांचं म्हणून जे काही चालायचं त्याला कार्यक्रम म्हणावं की दंगा ते ठरवणं कठीण. एका गाण्यात लाकडाची महती सांगायची म्हणून तिघे मिळून हाताला लागेल ती लाकडी वस्तू आणून स्टेजवर रचायचे. पियानो वाजवता वाजवता जिमी त्याचं झाकण उपटून वादकांकडे भिरकवायचा, मग गाण्याचे कागद, मग टोपी, आणि मधेच सगळ्यांना थांबवून खेकसायचा, "म्युझिक बंद करा!" कारण त्याला काहीतरी आठवलेलं असायचं. आठवलेलं सांगायला लागला की इंग्रजी शब्दांचे तुकडे पडायचे. मोठा शब्द दिसला की हा त्यावर झेप घ्यायचा आणि अर्ध्यातच घसरायचा, मग स्वतःच दुखावल्यासारखा तोंड करून बघायचा. स्थलांतरितांच्या वस्तीत वाढलेल्या हजारो लोकांनी अशा शब्दांपायी अपमान गिळले असतील. ते लोक त्या क्लबात पोट धरून हसायचे. त्यांच्या हसण्यात सुटका असणार.

नाकाचं नावही याच मंडळींनी पाडलं. 'श्नॉझोला'. ज्यूंच्या यिडिश भाषेतला नाकासाठीचा शब्द आणि त्याला इटालियन शेपूट. ते नाव त्याला असं चिकटलं की १९३० नंतर हॉलिवूडने त्याला उचललं तेही नाकासकट. सिनेमांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. बस्टर कीटनसारख्या न बोलता हसवणाऱ्या माणसाशेजारी या बडबड्याला उभं करण्यात कुणाचंच भलं झालं नाही, असं माझं मत आहे. पण एक गोष्ट लक्षात राहण्यासारखी आहे. बोलावणं एकट्या जिमीला आलं, तिघांना नाही. तरी त्याने क्लेटनला आणि जॅक्सनला सोडलं नाही. क्लेटन त्याचे व्यवहार बघायला लागला. जॅक रॉथ, त्याचा ड्रम वाजवणारा, १९२० च्या आधीपासून सोबत होता, तो टीव्हीच्या जमान्यातही मागे बसून ठेका धरताना दिसतो. माणसं जोडायची आणि शेवटपर्यंत ठेवायची, हे आमच्या वडिलांच्या पिढीत मी पाहिलं होतं. पडद्यावर त्या मागच्या ड्रमवाल्याचा चेहरा शोधायची मला सवयच लागली.

आणि रंगमंचावरचा तो प्रसंग. १९३५ साली न्यूयॉर्कच्या हिपोड्रोममध्ये 'जम्बो' नावाचा सर्कशीवरचा प्रचंड खेळ लागला होता. जिमी खरा, जिवंत हत्ती दोरीला धरून स्टेजवरून चोरून नेत असतो. पोलीस अधिकारी अडवतो, "त्या हत्तीला घेऊन कुठे निघालास?" जिमी दोन्ही हात पसरून, हत्तीला पाठीमागे लपवल्यासारखा उभा राहतो आणि विचारतो, "कुठला हत्ती?" थिएटर दर रात्री कोसळायचं म्हणतात. मला वाटतं हा विनोद नुसता हत्तीचा नव्हता. ज्याच्या चेहऱ्यावर सगळ्यांना दिसणारी, झाकता न येणारी गोष्ट जन्मभर होती, तोच माणूस दोन हात पसरून, निरागस डोळ्यांनी 'कुठला हत्ती?' असं विचारू शकतो.

१९४५ मध्ये हॉलिवूडच्या चायनीज थिएटरसमोर ओल्या सिमेंटमध्ये त्याचे ठसे घेतले. इतर नट तिथे हातपाय उमटवतात. याने हातांबरोबर नाकही उमटवलं. फोटोवाले होते, गर्दी होती, सगळे हसत होते. मी हे वाचलं तेव्हा मला हसू आलं नाही. आपल्या भाषेत नाकाला केवढा मान आहे. नाक कापलं जातं, नाक वर करून चालतात, नाक मुठीत धरून जावं लागतं, आणि सगळ्यात खाली, कुणापुढे नाक घासावं लागतं. एक बावन्न वर्षांचा माणूस गुडघ्यांवर बसून, वाकून, गार सिमेंटमध्ये नाक टेकवतोय हे चित्र मी मराठीतच पाहिलं, आणि मला ते सोसलं नाही. पण थोड्या दिवसांनी वाटलं, हाच माणूस कॅथरीन स्ट्रीटवर मान खाली घालून भिंतीच्या कडेने जायचा. इथे त्याच नाकाचा ठसा लोकांनी जपून ठेवायला मागितला. दोन्ही खरं असेल. मला अजून त्यातलं एक निवडता आलेलं नाही.

त्याच्या बायकोचं नाव जीन. ती गायची, १९२१ मध्ये लग्न झालं. हा रात्रभर क्लबात, मग दौऱ्यांवर, मग हॉलिवूडमध्ये. १४ फेब्रुवारी १९४३ ला ती गेली. त्याच वर्षी रेडिओवर त्याचा नवा कार्यक्रम सुरू झाला, जोडीला गॅरी मूर नावाचा विशीतला मुलगा. या रेडिओच्या दिवसांत त्याने कार्यक्रमाच्या शेवटी एक वाक्य म्हणायला सुरुवात केली, "गुड नाइट, मिसेस कॅलबॅश, तुम्ही जिथे असाल तिथे." कोण ही बाई? लोकांनी तर्क लढवले. कुणी म्हणे जुनी मैत्रीण, कुणी म्हणे कुठल्याशा गावातली खानावळवाली. हा वीसेक वर्षं काही बोलला नाही. १९६६ मध्ये वॉशिंग्टनच्या प्रेस क्लबमध्ये त्याने सांगून टाकलं. तो आणि जीन एकदा गाडीने देश ओलांडून जात असताना वाटेत कॅलबॅश नावाच्या एका लहानशा गावात थांबले होते. जीनला ते नाव फार आवडलं, आणि त्या दिवसापासून तो तिला मिसेस कॅलबॅश म्हणायला लागला.

म्हणजे एवढी वर्षं सगळ्या देशासमोर हा आपल्या बायकोशी बोलत होता, आणि ते कुणालाही कळू दिलं नव्हतं.

टीव्हीवर तो आला १ नोव्हेंबर १९५० ला. त्याआधी दोनच महिने, सप्टेंबरात, लू क्लेटन वारला होता. सत्तावन्नाव्या वर्षी, जो माणूस सगळे निर्णय घ्यायचा तो नसताना, एका नव्या यंत्रासमोर जाऊन उभं राहायचं. कार्यक्रम तेव्हा थेट असायचे, चुकलं तर चुकलं. आणि हा तर जन्मभर चुकण्यावरच जगला होता. ते जुने कृष्णधवल भाग मी एडिसनच्या त्या दुपारी बघितले. चित्र गढूळ, कडेला पांढऱ्या रेघा. पण हा आला की पडदा उजळतो. कमरेतून वाकून, हात पंख्यासारखे हलवत, टोपी मांडीवर आपटत, 'हा-चा-चा-चा' करत तो अख्ख्या स्टेजभर फिरतो. मधेच एडी जॅक्सन तिरकी टोपी घालून डौलात येतो, दोघेही म्हातारे, आणि एकमेकांकडे बघून असे खुलतात की आपणही खुर्चीत सरसावून बसतो. मेट्रोपोलिटन ऑपेरात गाणाऱ्या हेलन ट्राउबेलसारख्या बाई त्याच्यासोबत उभ्या राहून गातात. तिचा तो घंटेसारखा आवाज आणि याचं ते घोगरं ओरडणं, पण तो तिच्याकडे इतक्या आदराने बघतो की ऐकणाऱ्याला त्याचं कौतुक वाटतं. टीव्हीच्या त्या पहिल्या वर्षांत त्याला पीबडी पुरस्कार मिळाला, एमीही मिळाला.

आणि शेवट. गाणं संपतं, वादक थांबतात. तो रेनकोट अंगावर घेतो, चुरगळलेली हॅट घालतो. ते मघाचं तांडव करणारे हात आता खिशात. मिसेस कॅलबॅशना गुड नाइट म्हणतो आणि आपल्याकडे पाठ करून चालायला लागतो. स्टेज रिकामं, काळोख. वरून खाली एका मागे एक प्रकाशाची गोल वर्तुळं पडलेली, मधे अंधार. तो पहिल्या वर्तुळात येतो, थांबतो, वळून बघतो. पुढच्या अंधारात जातो. दुसऱ्या वर्तुळात पुन्हा दिसतो, पुन्हा वळतो, आता लहान झालेला. असा करत करत अगदी टोकाला जातो आणि दिवे विझतात. पाठमोरा असल्यामुळे नाक दिसत नाही. दिसते नुसती चाल. खांदे जरा झुकलेले, पाय थोडे ओढत, दिवसभराचं काम संपवून कुठल्याही रस्त्याने घरी जाणारा माणूस. आमचे वडील बँकेतून यायचे तेव्हा कोपऱ्यावरच्या दिव्याखाली असेच दिसायचे. त्या दुपारी ते दृश्य मी चारदा लावलं, आणि चहा कपात तसाच राहिला.

पुढचं भराभर सांगते. १९६० मध्ये सदुसष्टाव्या वर्षी त्याने पुन्हा लग्न केलं, आणि पुढच्याच वर्षी दोघांनी एक मुलगी दत्तक घेतली. सत्तरीत त्याने जुन्या, हळव्या गाण्यांच्या रेकॉर्ड काढल्या, मागे संथ व्हायोलिनं आणि पुढे तो मोडका आवाज, आणि त्या लोकांनी डोक्यावर घेतल्या. आजही इंग्रजी सिनेमांत तो आवाज अचानक ऐकू येतो. 'जोकर'च्या ट्रेलरमध्ये हसत राहा असं सांगणारं ते जुनं गाणं त्याच्याच आवाजात आहे. मुलांसाठीच्या कार्यक्रमांना तो मानधन घेत नसे. ईगल्स नावाच्या एका मोठ्या संस्थेने पैशांचं विचारलं तेव्हा म्हणाला, पैशांचं नाव काढू नका, पोरांना मदत करा. त्या संस्थेने मग त्याच्याच नावाने मुलांसाठी निधी उभा केला. १९७२ च्या शेवटाला अर्धांगाचा झटका आला आणि त्यानंतर चाकांची खुर्ची. २९ जानेवारी १९८० ला सँटा मोनिकात तो गेला. सत्त्याऐंशीव्या वाढदिवसाला बारा दिवस होते.

हे सगळं मला माहीत होतं. तरी त्या रिक्षात माझ्या तोंडून काही निघालं नव्हतं, कारण सांगायचं काय हेच ठरत नव्हतं. बघ, त्याने नाकाचं सोनं केलं, असं सांगायचं? आपल्याला असल्या गोष्टी सांगायला फार आवडतं. ज्याला चिडवलं त्याने ते हसत झेललं आणि मोठा झाला, म्हणजे चिडवणाऱ्यांचंही पाप धुतलं गेलं. माझ्या बहिणीला रात्री हेच वाटत होतं. मुलीने झेललं ना, मग झालं तर.

मे महिन्यात भाची आठ दिवस माझ्याकडे राहायला आली. एका रात्री वीज गेली, इन्व्हर्टरवर नुसता एक पंखा आणि एक दिवा. लॅपटॉपात चार्जिंग होतं. मी तिला म्हटलं, ये, तुला एक माणूस दाखवते. तिने हत्तीचं ऐकलं, तेव्हा खळखळून हसली. पियानो मोडताना बघून म्हणाली, "आमच्या सरांच्या हार्मोनियमचं असं करायला पाहिजे." शेवटची ती प्रकाशाची वर्तुळं आली तेव्हा पाय वर घेऊन, हनुवटी गुडघ्यावर टेकवून गप्प बघत राहिली. तो टोकाला जाऊन दिसेनासा झाला.

मग मी तिला एक गोष्ट सांगितली, जी मी एडिसनला वाचली होती आणि तेव्हापासून कुणाजवळ बोलले नव्हते. डुरँटीने उतारवयाला लागल्यावर सांगितलं होतं, याच नाकावर मी पैसा मिळवला, स्टेजवर उभा राहून त्यावर विनोद केले, लोकांबरोबर हसलो, पण त्या नाकाचा मला कधी एक क्षणभरही आनंद झाला नाही. आणि म्हणून आयुष्यात एक ठरवून टाकलं होतं, की कुणाच्या कानांवर, कुणाच्या तोतरेपणावर आपण विनोद करायचा नाही.

"म्हणजे शेवटपर्यंत त्याला ते लागत होतं?"

"हो."

"एवढं सगळं होऊनसुद्धा?"

"हो गं."

तिने हात वर नेला आणि अंगठ्याने नाकपुडीवर, जिथे नथीचा चाप बसला होता बरोबर तिथे, हळूच चोळलं. वळ जाऊन तीन महिने झाले होते. खाली कुणीतरी जनरेटर लावला, त्याची घरघर सुरू झाली. पडद्यावर पुढचा व्हिडिओ आपोआप लागायला बघत होता, मी लॅपटॉप मिटला. अंधारात तिचा चेहरा मला दिसत नव्हता, तिलाही माझा दिसत नसणार.

"मावशी," ती म्हणाली, "ती चिठ्ठी कुणी लिहिली होती ते मला माहितेय." आणि मग ती बोलायला लागली.